आधी वॉर्डाचं रजिस्टर, मग परदेशी ईमेल: इंदूरच्या तरुण सर्जनांसाठी

सर्जरीचे नवे पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, रुजू झाले की दोन-तीन महिन्यांत त्यांच्यातला एखादा संध्याकाळचा राउंड संपल्यावर घुटमळतो. "सर, बाहेरच्या एखाद्या युनिव्हर्सिटीबरोबर आपल्याला काही करता येईल का?" बाहेरच्या म्हणजे परदेशातल्या. हा प्रश्न मला मनापासून आवडतो. विचारणाऱ्याला आपलं काम वाढावंसं वाटतंय, एवढं त्यातून कळतं. मी विचारतो, "कशावर?" आणि बोलणं तिथे अडतं.

या लेखाची सुरुवात तिथूनच. पीजी, सीनियर रेसिडेंट, नव्याने असिस्टंट प्रोफेसर झालेले आणि स्वतःचं नर्सिंग होम चालवणारे तरुण सर्जन यांच्यासाठी तो आहे. परदेशातल्या विभागाशी शिक्षण, प्रशिक्षण किंवा संशोधनाचं नातं जोडायचं तर कामं कोणत्या क्रमाने करायची, ते सांगतो. माझा क्रम बऱ्याच जणांना उलटा वाटतो, कारण परदेशी माणूस त्यात बराच उशिरा येतो.

पहिली पायरी: आपल्या वॉर्डाचा प्रश्न

इंदुरात १८७८ साली मेडिकल स्कूल सुरू झालं, पुढे ते किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखलं गेलं, आणि १९४८ साली एमजीएम मेडिकल कॉलेज उभं राहिलं. तेव्हापासून आजपर्यंत या शहरात ऑपरेशनसाठी येणारा माणूस बहुतेक वेळा शहराबाहेरचा असतो. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा. आतडं फुटून दोन-तीन दिवस झालेले असतात, मग तो पोचतो. ऑपरेशन होतं, माणूस सावरतो, सातव्या-आठव्या दिवशी सुटी मिळते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं जातं: जखम हेल्दी. दहाव्या दिवशी गावी जखम पिकते, तिथलाच कुणी डॉक्टर ड्रेसिंग करतो, आणि आपल्या कागदावर ती जखम कायमची हेल्दी राहते.

ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग जगभर निदान ३० दिवसांपर्यंत मोजतात. ग्लोबलसर्ज या गटाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. ६६ देशांतली ३४३ रुग्णालयं, पचनसंस्थेची शस्त्रक्रिया झालेले १२,५३९ रुग्ण. मानव विकास निर्देशांक जास्त असलेल्या देशांत संसर्गाचं प्रमाण ९.४ टक्के, मध्यम देशांत १४ टक्के आणि कमी असलेल्या देशांत २३.२ टक्के. आता स्वतःला विचारा, माझ्या युनिटचा आकडा काय? तो सांगता येत नसेल तर तुमचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.

एक गोष्ट जवळून दाखवतो. एका रेसिडेंटने दर शुक्रवारी संध्याकाळी सुटी झालेल्या रुग्णांना फोन करायला सुरुवात केली. केसपेपरवरचा नंबर बऱ्याचदा रुग्णाचा नसतोच. पुतण्याचा असतो, सरपंचाचा असतो, ज्या जीपमधून आले त्या ड्रायव्हरचा असतो. दुपारी फोन लागला तरी माणूस शेतात. सातनंतर घरी सापडतो. पहिले काही आठवडे ती विचारायची, "टाँके सूखे हैं?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "हाँ, सब ठीक है." डॉक्टरला वाईट कसं सांगायचं, हा संकोच. मग तिने प्रश्न बदलला. "कपड़े पर दाग लगता है क्या? पट्टी बदलवाने कहीं जाना पड़ा?" त्यानंतर खरं बाहेर यायला लागलं. झाबुआच्या बाजूच्या बायकांशी आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर भिलीतून बोलायच्या, तेव्हा तर दोन मिनिटांत सगळं कळायचं.

वहीत उतरलेला हा अनुभव परदेशातल्या कुठल्याही विभागाकडे नसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या वहीवर उभ्या राहतात. म्हणून निदान तीन महिने रजिस्टर नीट ठेवा: तारीख, वय, निदान, तातडीचं ऑपरेशन की ठरवून केलेलं, अँटिबायोटिक किती वाजता दिलं, तिसाव्या दिवशी जखम कशी होती. एवढे रकाने पुरतात. रकाने वाढवले की भरणारे हात थकतात.

दुसरी पायरी: आपण काय देऊ शकतो

आपल्याकडे एक सवय आहे, परदेश म्हटलं की हात पसरायचे. ही सवय मोडायला दोंडाईचाची गोष्ट पुरेशी आहे. दोंडाईचा म्हणजे आपल्या सेंधव्याच्या घाटापलीकडचं, धुळे जिल्ह्यातलं गाव. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड नीट निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. त्यावरचा अनेक ठिकाणांहून गोळा केलेला अनुभव २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापून आला. पुढे युगांडात स्वीडन आणि युगांडाच्या सर्जनांनी मिळून रीतसर चाचणी घेतली. ३०२ पुरुष, अर्ध्यांना स्वस्त जाळी, अर्ध्यांना कंपनीची. वर्षभरानंतर हर्निया पुन्हा होण्यात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. निष्कर्ष २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. खानदेशातल्या कल्पनेची पारख युगांडात झाली, आणि ती जगाने वाचली.

तेव्हा स्वतःची यादी करा. कोणते रुग्ण तुमच्याकडे भरपूर आहेत? कोणतं ऑपरेशन कमी सामानात सुरक्षित करायला तुम्ही शिकलात? कुठे तुमचा हात कमी पडतो? हे शेवटचंही लिहाच. ज्याला आपली उणीव सांगता येते त्याच्याशी काम करणं समोरच्याला सोपं जातं.

तिसरी पायरी: जोडीदार शोधणं

सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे आधीच चालू असलेल्या बहुकेंद्री अभ्यासात सामील होणं. ग्लोबलसर्जचा पहिला अभ्यास २०१४ साली झाला. ५८ देश, ३५७ रुग्णालयं, पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेचे १०,७४५ रुग्ण. त्याची पद्धत नवख्यांना फार सोयीची आहे. प्रत्येक रुग्णालयात दोन-तीन जणांची टोळी, त्यात विद्यार्थीही चालतात, ठरलेल्या दोन आठवड्यांच्या खिडकीत आलेले सलग रुग्ण नोंदवायचे, तीस दिवस पाठपुरावा करायचा. काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव सहकारी म्हणून निबंधाला जोडलं जातं. कोविडच्या काळात याच पद्धतीने कोविडसर्ज झालं. ११६ देशांतले १,४०,२३१ रुग्ण पाहून, कोविड झाल्यावर शक्य असेल तर ठरवलेली शस्त्रक्रिया निदान सात आठवडे पुढे ढकलावी, हे त्यातून कळलं. ते आपण इथेही पाळलं.

या कामाचं एक मोठं केंद्र ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाशी जोडलेलं आहे आणि त्याचं भारतातलं केंद्र लुधियानाच्या क्रिश्चियन मेडिकल कॉलेजात आहे. थेट बर्मिंगहॅमला लिहिण्याआधी लुधियानाला लिहिलेलं बरं. आपले नियम, संशोधनाला मंजुरी देणारी आपली एथिक्स कमिटी, आपल्या अडचणी त्यांना ठाऊक असतात.

या जाळ्यातून मिळालेली एक गोष्ट तुम्ही उद्या सकाळच्या लिस्टपासून सुरू करू शकता. चीटा नावाची चाचणी भारत, बेनिन, घाना, मेक्सिको, नायजेरिया, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांत झाली. १३,३०१ रुग्ण, लॅन्सेट या जर्नलमध्ये २०२२ साली प्रसिद्ध. पोट बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवणीसाठी ताजी अवजारं घ्यायची, बस एवढंच. जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. त्यासाठी लागतो एक वेगळा छोटा ट्रे: नीडल होल्डर, दातेरी फोर्सेप्स, दोन आर्टरी फोर्सेप्स, कात्री. अडचण येते ती अवजारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या फेऱ्यांची. दिवसाला पाच पोटं असतील तर पाच ट्रे आदल्या रात्री तयार हवेत, आणि ते ओटीच्या इन्चार्ज सिस्टरशी आधी बोलल्याशिवाय होत नाही. चाचणी कितीही मोठी असो, आपल्या ओटीत ती त्या सिस्टरच्या होकारानेच येते.

दुसरा रस्ता व्यक्तीचा. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरमधल्या मराठी घरांत विचारा, कुणाचा तरी भाचा मँचेस्टरला आणि कुणाची तरी पुतणी टेक्सासला डॉक्टर असतेच. ही ओळख वापरायला काही हरकत नाही, पण ती दार उघडण्यापुरती. मावशीच्या शब्दाखातर दिलेलं पत्र आणि तुमचं काम वाचून दिलेलं पत्र, दोन्हींमधला फरक घेणाऱ्या विभागाला पहिल्या ओळीत कळतो. भाच्याला म्हणा, "तुमच्याकडे पोटाच्या जखमांवर कोण काम करतं, तेवढं सांग, पुढचं मी लिहितो."

मग ईमेल लिहा. इंग्रजीतच, पण मजकूर असा:

"मी इंदूरच्या अमुक विभागात दुसऱ्या वर्षाचा पीजी आहे. गेल्या तीन महिन्यांत तातडीच्या पोटाच्या ऑपरेशननंतर आमच्या युनिटमधल्या एवढ्या रुग्णांचा तीस दिवस पाठपुरावा केला. एवढ्यांची जखम सुटीनंतर पिकली. तुमचा फोनवरच्या पाठपुराव्याचा निबंध वाचला. तुमच्या प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न आमच्याकडे चालत नाही, त्याचं कारण सोबत लिहिलं आहे. ती हिंदीत आणि भिलीत तपासून पाहण्यात तुम्हाला रस असेल का? माझे विभागप्रमुख या ईमेलच्या प्रतीत आहेत."

दहा ओळींच्या वर जाऊ नका. बायोडेटा जोडू नका, मागितला तर द्या. विभागप्रमुखांना आधी दाखवा. हे न केल्यामुळे पुढे रुसवेफुगवे होऊन चांगली कामं थांबलेली मी पाहिली आहेत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्याला लिहा. उत्तरात त्यांनी उल्लेखलेले निबंध वाचायला मिळत नसतील तर लायब्ररीत विचारा. केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत १ जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं खुली झाली आहेत, आणि आपल्या कितीतरी पीजींना त्याचा पत्ताच नसतो.

चौथी पायरी: शिकायला जाणं

इथे पैसे वाया जाण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून शब्द नीट ओळखा. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे बघणं. ब्रिटन असो की अमेरिका, ऑब्झर्व्हर रुग्णाला हात लावत नाही, टाकाही घालत नाही. हात चालवायचा तर त्या देशाचं रजिस्ट्रेशन लागतं. ब्रिटनमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची सोय आहे. जास्तीत जास्त २४ महिने पगारी काम करून शिकायचं आणि परत यायचं, हा तिचा हेतूच आहे. एमआरसीएस ही ब्रिटन-आयर्लंडमधल्या सर्जनांच्या चार रॉयल कॉलेजांची मिळून घेतली जाणारी परीक्षा. ए भाग लेखी, बी भाग प्रत्यक्ष कौशल्याचा. ती उत्तीर्ण झाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, पण जनरल मेडिकल काउन्सिल या ब्रिटनच्या डॉक्टर-नोंदणी संस्थेच्या रजिस्ट्रेशनच्या वाटेवर ती धरली जाते.

शनिवार-रविवारच्या कोर्सला 'इंटरनॅशनल फेलोशिप' म्हणून भलीमोठी फी मागणारे बरेच आहेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: मी स्वतः किती केसेस करणार, माझ्याबरोबर टेबलाशी कोण उभं राहणार, आणि सर्टिफिकेटवर नेमके कोणते शब्द असतील? उत्तर गोलगोल आलं तर पैसे खिशातच ठेवा.

घरबसल्या होणारं प्रशिक्षणही परदेशी भागीदारीतूनच आलंय, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. एबी (आग्रा-मुंबई) रोडवरचा अपघाताचा रुग्ण आला की आपण सगळे श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण याच क्रमाने जातो. या एटीएलएस पद्धतीचं मूळ १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात झालेल्या छोट्या विमानाच्या अपघातात आहे. त्यात सापडलेले डॉ. जेम्स स्टायनर स्वतः सर्जन होते आणि आपल्या मुलांवर झालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले. १९७८ साली पहिला कोर्स झाला. आता तो भारतातही होतो. परदेशी जाण्याआधी तो करून घ्या.

लॅप्रोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी, सरावाचा बॉक्स ट्रेनर घरी बनतो. झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा, झाकणाला दोन भोकं, आत एक एलईडी, कॅमेऱ्याच्या जागी जुना मोबाइल. जुने ग्रास्पर, म्हणजे पकडायचे लांब चिमटे, विभागाकडे पडून असतात, ते मागून घ्या. पेग ट्रान्सफरपासून सुरुवात करा. सहा रबरी कड्या डाव्या हाताने उचलायच्या, हवेतच उजव्या हातात द्यायच्या, पलीकडच्या खुंट्यांवर ठेवायच्या आणि तशाच परत आणायच्या. अमेरिकेतल्या एफएलएस या लॅप्रोस्कोपीच्या प्राथमिक कौशल्यांच्या परीक्षेत याला ३०० सेकंदांची मर्यादा आहे. सुरुवातीला कडी पडते, मनगट दुखतं, खोलीचा अंदाज येत नाही. रोज वीस मिनिटं केलं की महिन्याभरात हात स्थिर होतो. त्याचा व्हिडिओ दर आठवड्याला परदेशातल्या मार्गदर्शकाला पाठवा आणि फोनवर सल्ला घ्या. त्यात रुग्ण नसल्यामुळे कुठलीच परवानगी लागत नाही. ओळख वाढवायला याहून निर्धोक सुरुवात मला ठाऊक नाही.

पाचवी पायरी: कागद

कंटाळवाणा भाग आहे, पण इंदुरात तो हलक्याने घेऊ नका. औषधांच्या चाचण्यांवरून या शहरात मोठं वादळ उठलं होतं. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्यानंतर देशभराचे नियम कडक झाले. 'रिसर्च' म्हटल्यावर इथल्या नातेवाइकाच्या कपाळावर आठी येते, तिला कारण आहे. त्या आठीचा मान राखा.

एथिक्स कमिटी आपली हवी. परदेशी विद्यापीठाची मंजुरी आपल्या रुग्णांना लागू पडत नाही. पहिला रुग्ण नोंदवण्याआधी मंजुरीचं पत्र हातात असलं पाहिजे, कारण मागच्या तारखेने ते मिळत नाही. संमतिपत्र इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून भाषांतर केलेलं नको. आम्ही एकदा असं 'अनुसंधान प्रतिभागी सहमति प्रपत्र' बनवलं होतं. खरगोनच्या एका आजोबांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो क्या मेरा ऑपरेशन नहीं होगा?" त्या दिवशी पत्र नव्याने लिहिलं. पहिलं वाक्य केलं: ऑपरेशन होणारच आहे, तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा.

परदेशी सहकार्य किंवा परदेशी पैसा असलेल्या आरोग्य-संशोधनाला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं. सगळे तिला एचएमएससी म्हणतात. त्याला काही महिने धरूनच वेळापत्रक करा आणि परदेशी जोडीदाराला हे पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपण ढिलाई करतोय. चाचणी असेल तर सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद हवी. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंद चालत नाही. नोंदणी फुकट आहे.

सामंजस्य करारावर तुम्ही सही करायची नसते, संस्थेने करायची असते. सरकारी कॉलेज असेल तर फाइल भोपाळलाही जाते, म्हणून करार दोन-तीन पानांचा आणि साध्या भाषेत ठेवा: कोण काय करणार, विदा (डेटा) कुठे राहणार, पैसा कुठून येणार, वाद झाला तर काय, कधी संपणार. पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याचे नियम लागतात, आणि अशी देणगी स्वीकारायचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं. स्वतःच्या खात्यात एक पाउंडही घेऊ नका, समोरचा कितीही भला असो.

रुग्णांची माहिती व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी कागदावर, कपाटात, कुलपात. परदेशी जाईल तो फक्त क्रमांक. लॅप्रोस्कोपीच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात मशीन रुग्णाचं नाव छापतं आणि सीटीच्या फाइलच्या पोटात नाव, वय, नोंदणी क्रमांक लपलेले असतात. पाठवण्याआधी दोन्ही काढावे लागतात. आमच्याकडून एकदा तसाच एक व्हिडिओ पुढे गेला होता. समोरच्या सर्जनने पाहताक्षणी कळवलं आणि फाइल पुसून टाकली, पण मला आठवडाभर झोप लागली नाही. तेव्हापासून कुठलीही फाइल बाहेर जाण्याआधी दोन माणसं पाहतात.

सहावी पायरी: नाव कुणाचं

हे पहिल्या महिन्यात ठरवा, निबंध लिहून झाल्यावर नाही.

१७९२च्या युद्धात इंग्रज सैन्यातला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने प्रेतांवर सराव केला, १८१४ साली पहिलं ऑपरेशन केलं आणि १८१६ साली ते प्रसिद्ध केलं. कार्प्यूचं नाव प्लॅस्टिक सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रुग्णाचं नावही उरलं. नाक करणाऱ्या कुंभाराचं नाव त्या मजकुरात नाही. मला ही गोष्ट दर वेळी लागते.

आज त्यासाठी नियम आहेत. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या मते लेखक तोच, ज्याने कल्पनेत किंवा विदेत भर घातली, मजकूर लिहिला किंवा तपासला, शेवटच्या मसुद्याला मान्यता दिली आणि जो सगळ्या कामाची जबाबदारी घेतो. चारही अटी हव्यात. यात एक मेख आहे: मजकूर लिहिण्याची संधीच दिली नाही तर फोन करणारी रेसिडेंट आपोआप बाहेर पडते. म्हणून मसुदा सगळ्यांकडे जाईल, असं करारातच लिहा. पहिलं आणि शेवटचं नाव कोणत्या निबंधात कुणाकडून येणार, तेही लिहा. संशोधनातल्या समन्यायासाठी २०२२ साली केप टाउनच्या परिषदेतून जे निवेदन पुढे आलं, ते छापून परदेशी जोडीदाराबरोबर एकदा बसून वाचा. चांगला माणूस असेल तर त्याला त्याचा राग येत नाही.

सातवी पायरी: बैठकीची वेळ

आठवड्याचा एक वार ठरवा आणि कधीही मोडू नका. आपले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात लंडनचे दुपारचे अडीच, उन्हाळ्यात साडेतीन. बॉस्टनचे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा. घड्याळं ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत वेगळ्या तारखांना, आणि आपल्याकडे कधीच नाही. त्या आठवड्यांत आदल्या दिवशी वेळ पुन्हा विचारा. बैठक चाळीस मिनिटांची, टिपण त्याच रात्री, आणि टिपण रेसिडेंटने लिहायचं.

पाहुणे आल्यावर

एखाद्या वर्षात त्यांच्यातलं कुणी इंदूरला येतं. परदेशी सर्जनला आपल्या रुग्णावर हात चालवायचा असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी आणि त्या कामाचा व्हिसा लागतो, आणि हे सगळं निदान सहा महिने आधी सुरू करा. नाहीतर ते बघतील आणि शिकवतील, एवढंच ठरवा. तेही कमी नाही.

पहिला दिवस सत्कारात घालवू नका. शाल-श्रीफळ शेवटच्या दिवशी ठेवा. सकाळी पोहे खाऊ घालून त्यांना थेट ओपीडीत बसवा आणि रुग्ण किती अंतरावरून आलाय ते प्रत्येकाला विचारू द्या. दुपारी ड्रेसिंग रूम दाखवा. संध्याकाळी सातला ती शुक्रवारची फोनची वही उघडून त्यांना रेसिडेंटच्या शेजारी बसवा. आमच्याकडे आलेल्या एका सर्जनबाई दोन तास नुसत्या ऐकत होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या प्रश्नावलीतून "जखम बरी आहे का" हा प्रश्न स्वतःच काढून टाकला आणि तिथे "कपड्याला डाग लागतो का" असं लिहिलं.

त्या परत गेल्यावर आठवड्याच्या आत एक पानाचं टिपण पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. त्याची एक प्रत ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावा, हिंदीत. सिस्टरांच्या सह्या त्यावर आधी घ्या.